साळवे भाऊंचं बेट

त्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि सरळ बेसिनकडे धावले. मला वाटलं, जीभ भाजली. म्हणून मी माझ्या कपातला घोट घेतला आणि त्यांच्या मागोमाग मीही धावले. चहा खारट होता. साखरेऐवजी मीठ पडलं की काय म्हणून डबे उघडून पाहिले, तर साखरेच्या डब्यात साखरच. मग नळाखाली ओंजळ धरली आणि चाखून पाहिलं. पाणीच खारट होतं.

आता मे महिन्यात जालन्यात पाणी म्हणजे काय चीज असते हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्या मस्तगडात नळ आला की लोक हातातलं काम टाकून धावतात आणि आलेलं पाणी पुढचा नळ येईपर्यंत पुरवून पुरवून वापरतात. त्या पाण्याची अख्खी टाकी खारट झालेली. मी तशीच जिना चढून गच्चीवर गेले. तिथं आमचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू साळवे भाऊ, बनियन आणि लुंगीवर, आपल्या ड्रममध्ये काठी घालून पाणी ढवळत होते. शेजारी खड्या मिठाची रिकामी पिशवी पडली होती.

"जय भीम मॅडम," ते म्हणाले. "मधला कॉक बंद करायचा राहून गेल्ता. तुमच्याकडं बी उतरलं का थोडं?"

मी विचारलं, हे चाललंय तरी काय. तर हे गृहस्थ काठी न थांबवता म्हणाले, "पोरायला समुद्राच्या पाण्याची सवय लावून राह्यलो."

मी शाळेत भूगोल शिकवते. वर्गातल्या साठ पोरांचा गोंधळ मी एका नजरेत गप्प करते. पण साळवे भाऊंपुढं माझी बोलती बंद होते. इतकी वर्षं हा माणूस माझ्या डोक्यावर राहतोय, तरी अजून दर महिन्या-दोन महिन्याला मी त्याच्यामुळे एकदा तरी हबकतेच.

तसा माणूस लाखात एक. मिलिंद साळवे, एका बियाण्यांच्या कंपनीत कामाला. त्यांचं काम असं की बियाण्याची पोती आली की त्यातले थोडे दाणे काढायचे, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी उघडून किती उगवले ते बघायचं. दाणे बरे उगवले तर सगळा माल पास, नाही तर परत. उभा जन्म हेच केल्यामुळे त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे, आणि ती ते दिवसातून दहा वेळा बोलून दाखवतात. "आधी नमुना, मंग पोतं."

कंपनीत ठीक आहे हो. पण हा माणूस घरीही तेच करतो. माझा वरचा मजला भाड्यानं घ्यायला आले तेव्हा भाडं, डिपॉझिट काही न विचारता म्हणाले, एक रात्र झोपून बघतो. आणि खरंच संध्याकाळी काखेत चटई मारून आले. सकाळी खाली येऊन सांगितलं की मागच्या गल्लीतलं कुत्रं पहाटे भुंकतं, पण त्याच्या भुंकण्यात दम नाही, तेव्हा घर घेतो. मी किल्ली काढून दिली.

बाजारात आंबेवाले ह्यांना लांबून पाहिलं की टोपलीवर पोतं टाकतात. सिनेमाला जायचं तर आधी गेटवर उभं राहून सुटणाऱ्या लोकांची तोंडं बघतात. आणि लग्नाचं तर विचारूच नका. मुलगी पाहून आले, पसंतही पडली, पण होकार कळवला नाही. चार दिवसांनी भर दुपारी, न सांगता न सवरता, सासुरवाडीत जाऊन थडकले. ह्या बाजूनं चाललो होतो, म्हणाले. घरात जे होतं ते जेवले आणि मग जाताना दारातच हो म्हणाले. सुजाता वहिनी हे सांगताना अजून कपाळाला हात लावतात. त्यांच्या हातचं पिठलं त्या दिवशी करपलेलं होतं. करपलेलं खाऊन जो माणूस हो म्हणतो त्याचं काहीतरी बिघडलेलं आहे हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, असं त्यांचं म्हणणं.

तर असा हा माणूस अंदमानला निघाला होता. बायको आणि दोन पोरं घेऊन.

त्याचं कारण थोरली प्रज्ञा. ती दहावीची परीक्षा देऊन बसली होती आणि जूनमध्ये लातूरला क्लासला जाणार होती, हॉस्टेलवर. धाकटा अनिकेत तिच्याहून दोन वर्षांनी लहान. ती जायच्या आधी चौघांनी मिळून एकदा कुठंतरी जायचं, हे साळवे भाऊंनी मनात घेतलं. आता आमच्याकडची माणसं फार तर वेरूळ-अजिंठा करतात, हौस दांडगी असली तर महाबळेश्वर. मी म्हटलं, भाऊ, बेटच कशाला? तर म्हणाले, "मॅडम, चहूकडून पाणी. पोरं जातील कुठं?"

मी हसले. पण त्यांनी ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं. ह्या दोन पोरांना मी अंगणात खेळताना पाहिलेलं आहे. बापाच्या स्कूटरचा आवाज आला की दोघं जिन्यावरून पडत-धडपडत फाटकाकडे पळायची. आता प्रज्ञाच्या कानात वायर असते आणि खोलीचं दार बंद असतं. अनिकेत मोबाइलमधून मान वर काढतो ती फक्त जेवायला, आणि तेव्हाही पूर्ण काढत नाही. बापानं काही विचारलं की एका शब्दात उत्तर. साळवे भाऊ बंद दारापाशी उगाच उभे राहायचे, आणि कुणी पाहिलं की पॅसेजमधल्या दिव्याचं बटण चालू-बंद करून बघतोय असं दाखवायचे. ते बटण बिलकुल ठीक होतं, माझ्याच घरातलं आहे.

प्रज्ञानं आधी मालदीव म्हटलं. साळवे भाऊंनी मोबाइलवर मालदीवचे भाव बघितले आणि मोबाइल पालथा घालून ठेवला. मग अंदमान ठरलं. त्यातही मेअखेरीला तिकडे पाऊस सुरू होतो म्हणून लोक जात नाहीत, म्हणून तेव्हाच जायचं, कारण तेव्हा सगळं स्वस्त. पाऊस पडला तर काय, आपण पावसाला कधी नाही म्हटलंय का, हा त्यांचा मुद्दा. मराठवाड्याच्या माणसाला ह्यावर काय बोलणार.

आणि मग नमुने सुरू झाले. मिठाचं पाणी हा पहिला. प्रज्ञाचे केस काथ्यासारखे झाले. ती रागानं लाल होऊन माझ्याकडे आली, आणि मी माझ्या प्यायच्या पाण्यातली एक घागर तिला डोकं धुवायला दिली. मी साळवे भाऊंना सांगितलं की अहो, हॉटेलात आंघोळीला गोडं पाणी असतं, समुद्रात बुडवून नाही ठेवत कुणाला. ते विचारात पडले. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग विमानाचा नमुना. हॉलमध्ये चार खुर्च्या अगदी चिकटवून मांडल्या, पुढं पलंग आडवा लावला म्हणजे पाय पसरता येऊ नयेत, आणि ओढण्यांनी सगळ्यांना कमरेला बांधलं. चेन्नईपर्यंत रेल्वे आणि पुढं विमान असा बेत होता, तेव्हा विमानात जितका वेळ बसायचं तितका वेळ कुणी उठायचं नाही. मी वर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालायला गेले तर हे दृश्य. चौघं ओळीत बांधलेले, समोर भिंत. सुजाता वहिनींनी मला डोळ्यांनीच खूण केली की काही बोलू नका, आता उतरेलच.

बोटीचा नमुना तर कहर होता. अंदमानात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोटीनं जावं लागतं आणि बोट लागते असं त्यांनी ऐकलं होतं. म्हणून त्यांनी दोन्ही पोरांना भोकरदनच्या बसमध्ये सगळ्यात मागच्या सीटवर बसवलं, भोकरदनला खाली न उतरवता त्याच गाडीनं परत आणलं. रस्त्याचं काम चालू होतं. अनिकेतला दोनदा उलटी झाली. साळवे भाऊ खूश. आता कुणाला गोळी द्यायची ते कळलं, म्हणाले.

प्रज्ञा मला एकदा जिन्यात भेटली तेव्हा तिनं सरळच सांगितलं की तिला कुठंही जायचं नाही. मैत्रिणींना कळलंय, ग्रुपवर हसतात. पप्पांबरोबर आठ दिवस म्हणजे आठ दिवस असंच सगळं होणार. मी तिची समजूत काढायला गेले आणि तिलाच मान डोलवून आले, कारण पोरीचं काही चुकत नव्हतं.

शेवटचा आणि सगळ्यात मोठा नमुना खुद्द बेटाचा होता. सुजाता वहिनींचं माहेर भोकरदनच्या अलीकडे एका खेड्यात आहे. गावाबाहेर तलाव आहे आणि तलावाच्या मधोमध एक उंचवटा, त्यावर एक कडुलिंबाचं झाड. पावसाळ्यात पाणी भरलं की ते बेट होतं. साळवे भाऊ मला म्हणाले, तुम्ही भूगोलवाल्या, तुम्ही चला, बेट बराबर हाय का न्हाई ते सांगा. शाळेला सुट्टी होती. आणि खरं सांगायचं तर मला बघायचंच होतं.

आम्ही सकाळी पोचलो. तलावाच्या पाळूवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चढलो आणि मी कपाळावर हात मारला. तलावात थेंब नव्हता. मेमध्ये कुठून असणार? खालची माती तडकून तिच्या फरश्या झाल्या होत्या. शेळ्या फिरत होत्या. मधला उंचवटा आपला कोरड्यात उभा.

मी म्हटलं, भाऊ, पाणी कुठंय? ते म्हणाले, "पाणी धरून चालायचं."

आणि खरंच धरून चाललो. सतरंजी, पाण्याची कळशी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ताडपत्री घेऊन आम्ही पाच जण उंचवट्यावर चढलो. साळवे भाऊंनी नियम सांगितला. आता चारी बाजूंनी समुद्र आहे. सूर्य कलेपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही. चौघं एक दिवस बेटावर एकत्र राहिलो की नमुना पास, उद्याच तिकिटं काढतो. नाही राहिलो तर राहिलं अंदमान. मोबाइलला तिथं रेंज नव्हती. ते त्यांनी आधीच येऊन तपासलं होतं.

पहिला तास बरा गेला. साळवे भाऊंनी पत्ते काढले, मी आणि वहिनी खेळलो. मग ऊन चढलं. पोरं झाडाच्या दुसऱ्या बाजूला तोंड फिरवून बसली. साळवे भाऊ मधेच त्या बाजूला जायचे, काहीतरी विचारायचे, आणि परत यायचे. एक शेळ्या राखणारे म्हातारबाबा आमच्या समुद्रातून चालत आले आणि तंबाखू आहे का विचारू लागले. त्यांनी दोनदा विचारलं की इथं का बसलात. साळवे भाऊंनी त्यांना अंदमान समजावून सांगायला घेतलं. म्हातारबाबांनी सगळं ऐकून घेतलं, आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि अनिकेतच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.

प्रज्ञा उठली ती तेव्हाच. तिनं चपला घातल्या, ओढणी डोक्याला गुंडाळली आणि उंचवटा उतरायला लागली.

"प्रज्ञा," साळवे भाऊ म्हणाले, "तिकडं पाणी हाय."

ती वळली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. "पाणी न्हाई पप्पा," ती हळूच म्हणाली. "तुम्हालाच दिसतंय ते."

आणि ती तडकलेल्या मातीवरून पाळूच्या दिशेनं चालत गेली. साळवे भाऊ बघत राहिले. तिच्या मागे गेले नाहीत. मग मी पुढाकार घेतला. ऊन असं होतं की कुणालातरी चक्कर आली असती, म्हणून मी वहिनींना आणि अनिकेतला उठवलं आणि मामाच्या घरी चला म्हटलं. साळवे भाऊंनाही म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी सामान आवरून आलोच.

मामाच्या घरी प्रज्ञा भिंतीला टेकून बसली होती. मामीनं ताक दिलं. शेवटी मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की चला, निदान तिकिटाचे पैसे तरी वाचले.

सुजाता वहिनींनी हातातला ग्लास खाली ठेवला. "कुठले वाचले मॅडम? तिकिटं केव्हाच काढलीत. चौघांची. परत बी होत न्हाईत, स्वस्तातली हायेत. फेब्रुवारीतच काढून ठेवली, हिची परीक्षा सुरू व्हायच्या आधी."

आंब्याची फोड चाखल्याशिवाय पाटी न घेणारा माणूस, मालकिणीच्या घरी चटईवर झोपून घर घेणारा माणूस, त्यानं विमानाची चार तिकिटं न बघता, न विचारता, परत न होणारी काढून ठेवली होती. मग मिठाचं पाणी कशाला, खुर्च्या कशाला, ही भोकरदनची बस कशाला? मी वहिनींना विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, मला बी एवढंच माहीत, की मोबाइलवर तिकिटं उघडून बघतात आणि बंद करतात. प्रज्ञा उठली आणि आतल्या खोलीत गेली.

मी छत्री घेऊन परत निघाले. एकटा माणूस त्या उन्हात किती वेळ सामान आवरणार. पाळूवरून बघितलं तर सामान जिथल्या तिथं होतं. साळवे भाऊ लिंबाखाली सतरंजीवर पाय पोटाशी घेऊन बसले होते. पत्ते चौघांत वाटून ठेवलेले होते.

मी त्यांच्यावर चांगलीच तापले. म्हटलं, तिकिटं काढून बसलात आणि ह्या लेकरांना महिनाभर छळलंत, कशासाठी? नमुना कसला घेत होता मग?

ते म्हणाले, "अंदमान कसंबी असू द्या मॅडम. तिथं जाऊन बी पोरं तोंड फिरवून बसली तर मी काय करू? ते इथंच बघून घ्यावं म्हटलं. इथं घरची माणसं हायेत. तिथं मला कोण हाय?"

मी छत्री मिटली आणि तिथंच बसले.

"लातूरला गेली की ती पाहुणी होऊन येईल," ते म्हणाले. "दोन दिवस ऱ्हाईल, जाईल. मंग अनिकेत बी जाईल. जाऊ द्या, जायलाच पाहिजे. मीच पाठवून राह्यलो ना. पण त्याच्या आधी चार दिवस तिनं माझ्याशी बोलावं, येवढंच व्हतं. घरी कसं बोलावं ते मला येत न्हाई आता. आधी येत व्हतं." आणि मग त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. घामच पुसला असं मी धरून चालले.

तेवढ्यात मला पाळूवर प्रज्ञा दिसली. हातात ताकाची बाटली होती. ती पाळूवरून खाली उतरली, तलावाच्या काठाशी आली आणि थांबली. मला वाटलं, परत जाते की काय. पण ती वाकली. तिनं चपला काढून एका हातात घेतल्या. मग पँटच्या पायांना घड्या घालत घालत एक पाय गुडघ्यापर्यंत वर केला, मग दुसरा. आणि त्या भाजणाऱ्या, तडकलेल्या, कोरड्या मातीवर ती एकेक पाऊल जपून टाकत आमच्याकडे यायला लागली. हात थोडे बाजूला धरलेले, तोल जाऊ नये म्हणून.

मी तोंडावर हात ठेवला. साळवे भाऊ उठून उभे राहिले.

ती उंचवट्यापाशी पोचली तशी ते दोन पावलं खाली उतरले आणि हात पुढं केला. तिनं धरला आणि वर आली.

"खोल व्हतं का गं?" त्यांनी विचारलं.

"मधे व्हतं," प्रज्ञा म्हणाली. "सरका जरा, पाय भाजले."

ते सरकले. ती सतरंजीवर बसली, ताकाची बाटली त्यांच्यापुढं ठेवली आणि वाटून ठेवलेल्या पत्त्यांतले आपले पत्ते उचलले. मला ती म्हणाली की मॅडम, तुम्ही पण खेळा. मी म्हटलं, नको, मला जायचंय. आणि मग माझं मलाच नवल वाटलं, कारण आजूबाजूला कुणी बघतंय का ह्याचा विचारही न करता मी दोन्ही हातांनी निऱ्या पोटऱ्यांपर्यंत उचलल्या, आणि तशीच सांभाळून पाय टाकत काठाकडे निघाले.